पाचारण माझं, सामान सगळ्यांचं

किटवे, झांबिया
20 ऑक्टोबर 2024

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर दोन वाक्यं बोललो की तू 'बाकी मजेत ना?' विचारतोस, मी 'मजेत' म्हणतो आणि विषय संपतो. म्हणून आज कागद घेतला. दुसरं कारण म्हणजे वीज नाही. यंदा इथे दुष्काळ आहे, सरकारने फेब्रुवारीतच राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. देशाची वीज मुख्यतः धरणांवर आणि करिबा धरणात पाणी नाही. कधीकधी दिवसातून तीनच तास वीज येते, तीही मध्यरात्री. मग ही उठून कुकर लावते, धाकट्याचा शाळेचा शर्ट इस्त्री करते आणि सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावते. आपल्याकडचं लोडशेडिंग आठवून आता हसू येतं.

तू मागे चिडवलं होतंस, 'तिकडे जाऊन कोणाला बाटवणार आहेस?' अरे, इथे माझ्याआधी शंभर-दीडशे वर्षांपासून मिशनरी येऊन गेलेत. 1996 पासून तर राज्यघटनेतच लिहिलंय की हा ख्रिस्ती देश आहे. माझं काम चर्चचे पाळक होऊ घातलेल्यांना बायबलचा जुना करार शिकवण्याचं. खरी गंमत वेगळीच आहे. इथे भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, तोही गुजराती. पिढ्यान् पिढ्या इथे व्यापार करणारी कुटुंबं आहेत आणि त्यांच्याच कृपेने आम्हाला तूरडाळ मिळते. पहिल्या रविवारी उपासनेनंतर एका आजोबांनी हात हातात धरून फार प्रेमाने विचारलं, 'पाळकसाहेब, तुमचं दुकान कोणत्या रस्त्यावर?'

घराचं सांगतो. निघताना विमानात माणशी 46 किलो सामान नेता येणार होतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण संसार वजनकाट्यावर चढवायला लागलास की कळतं. शरणपूरच्या घरात महिनाभर दाराला ताणकाटा टांगलेला होता आणि त्याच्याखाली रोज भांडण. माझी पुस्तकं सगळ्यात जड. ही म्हणाली, 'पवित्र शास्त्र तिकडेही मिळतं, गोडा मसाला मिळत नाही.' शेवटी भाष्यग्रंथ निम्म्यावर आले आणि मसाला, लोखंडी तवा, पोळपाट पुढे गेले. आज विचारशील तर तिचंच बरोबर होतं असं मी कबूल करणार नाही, पण तव्यावरची भाकरी रोज खातो.

भाकरी मक्याची बरं का. इथे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, उब्वाली म्हणतात तिला, राजधानीकडे शिमा. हातानेच खायची, बोटांनी गोळा वळायचा, मध्ये खळगा करायचा आणि त्यात पालेभाजी नाहीतर सुकट उचलायची. धाकटा पहिल्याच आठवड्यात सराईत झाला. हिने त्याच पिठाच्या भाकरी थापायचा घाट घातला, तर पहिल्या दिवशी नुसते तुकडे. मग उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, झाकून ठेवून, तळव्याने रगडून रगडून तिने ते वळणावर आणलं. शेगडी इथलीच, पत्र्याला भोकं पाडलेली, लोणारी कोळशाची, इम्बाउला म्हणतात. संध्याकाळी मागच्या अंगणात ती भाकरी टाकायला बसली की शेजारच्या दोन-तीन बायका बघायला येतात. त्यांचं एकमत आहे की बाई चांगली आहे, पण चांगल्या पिठाचं वाटोळं करते. 25 किलोची पिशवी आता तीनशे क्वाचांच्या वर गेलीय, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

धाकट्याची काळजी नाही. सहा वर्षांचं पोर, प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधून केलेल्या चेंडूने दिवसभर गल्लीत खेळतं आणि आता बेम्बात, म्हणजे इथल्या भाषेत, भांडतं. माझं बेम्बा अजून 'मुली शानी', म्हणजे 'कसे आहात'च्या पुढे धड सरकत नाही. कुठे बाहेर गेलो की तोच माझा दुभाष्या. मला न आवडणारी वाक्यं तो गाळतो असा संशय आहे.

थोरलीचं, मनूचं मात्र अवघड गेलं. तेरा वर्षं म्हणजे किती वाईट वय, आपल्याला आठवतं की. इथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. म्हणजे नाशकात आठवीचं निम्मं वर्ष घासलेलं पाण्यात, इथे पुन्हा आठवी पहिल्यापासून. मैत्रिणी गेल्या, सायकल गेली, आजी दुरावली. पहिले काही महिने ती घरात बोलायची ते फक्त धाकट्यावर ओरडण्यापुरतं. आणि इथली रीत बघ, आईबापांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मला इथे नावाने कोणी ओळखत नाही, मी बाशिमनू, मनूचा बाप. ही बानामनू. अख्खी वस्ती दिवसभर तिचं नाव घेते आणि ती दार लावून बसलेली.

इथले बरेच जण म्हणाले, मुलीला बोर्डिंगला घाला. मिशनरी लोकांची ती जुनीच पद्धत. वायव्येच्या टोकाला कालेने हिलजवळ साकेजी नावाची शाळा आहे, 1925 पासूनची, मुळात मिशनऱ्यांच्याच मुलांसाठी काढलेली. आपल्या देवळालीच्या बार्न्ससारखी समज, फक्त भोवती जंगल. मी चौकशी करत होतो तेवढ्यात हिने एका वाक्यात निकाल दिला, 'देवाचं पाचारण तुम्हाला आलं, मग पोरगी का परक्यांकडे?'

यावर मी डेव्हिड लिव्हिंग्स्टन या जुन्या मिशनरीचं उदाहरण द्यायला गेलो, ते अंगाशी आलं. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हाला तो शूर प्रवासी म्हणून शिकवलेला. इथे आल्यावर त्याच्या बायकोचं वाचलं. 1852 मध्ये त्याने मेरीला चार मुलांसह केपटाउनहून इंग्लंडला पाठवून दिलं आणि स्वतः आफ्रिका ओलांडायला निघाला. परत भेट झाली ती 1856 च्या डिसेंबरात. पुढे 1862 मध्ये झांबेझीकाठी शुपांगाला ती तापाने गेली. माणूस मोठा, गुलामगिरीविरुद्ध त्याने जे केलं त्याला तोड नाही. पण त्या घराचा हिशोब कोणी मांडायचा? मी आता त्याची गोष्ट पूर्वीसारखी सांगू शकत नाही.

आणि शेवटचा धागा तर आपल्या नाशकात येतो, हे तुला माहीत होतं का? आपण शरणपूर रोडवरून शाळेत जायचो तिथे मिशनची वसाहत होती. अरबी गलबतांवरून इंग्रजांनी सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढवली, शिकवली. लिव्हिंग्स्टन 1866 मध्ये मुंबईहून शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्यातली काही त्याच्याबरोबर होती. जेकब वेनराइट मागाहून गेला, तोही नाशकात शिकलेला. 1873 मध्ये याच झांबियात, चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं काळीज झाडाखाली पुरलं तेव्हा दफनाची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर अक्षरं त्यानेच कोरली. मग त्या लोकांनी देह वाळवून शेकडो मैल समुद्रापर्यंत वाहून नेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकबही होता.

मी हे फार रंगवून सांगितलं जेवताना. नाशिक आणि झांबिया, काय जोड आहे बघा! मनूने पहिल्यांदाच मान वर करून विचारलं, 'त्याला कोणी विचारलं होतं का, नाशिकला यायचंय का म्हणून?' मी म्हटलं, बाळा, तो गुलामांच्या जहाजावर होता, त्याला कोण विचारणार. 'मग मला?' म्हटलं, तुझ्याशी बोललो होतो की आम्ही. 'बोललात. विचारलं नाहीत.'

हिला वकील करायला हवं. पण त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. माझ्या वडिलांच्या बदल्या आठवल्या. मनमाड, मालेगाव, श्रीरामपूर. बिशपांचं पत्र आलं की आई ट्रंका काढायची. आम्हा भावंडांना विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. तसल्याच एका बदलीत तू भेटलास, म्हणून मला ते सगळं गोड वाटतं. मनू 'नाही' म्हणाली असती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. बनवून सांगावं असंही वाटत नाही. हल्ली रात्रीच्या प्रार्थनेत 'आम्हा सर्वांना तू इथे आणलंस' असं म्हणताना 'सर्वांना'वर जीभ जरा अडते. तीही डोळे मिटल्यासारखं करून माझ्याकडे बघत असते.

सध्या एक बरं चाललंय. येत्या 24 तारखेला इथला स्वातंत्र्यदिन, साठावा. शाळेत कार्यक्रम आहे. बाईंनी मनूला सांगितलं, तुमच्याकडचा नाच कर. त्यांना सिनेमातला हवा असणार. मनूने काय करावं? कपड्यांच्या तळातून लेझीम काढली! ताणकाट्याखाली एवढी भांडणं झाली, पण ती कधी पिशवीत घातली ते आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं. आता चार मुली रोज अंगणात येतात. लेझीम एकच, म्हणून बाकीच्यांनी तारेत सोड्याच्या बाटल्यांची बुचं ओवून घेतलीत. खुळखुळाट असा की शेजारच्या आजीबाई कानाला हात लावतात आणि मग स्वतःच ठेका धरतात. पवित्रे अजून चुकतात. मनू त्यांच्यावर बेम्बात ओरडते. तिला बेम्बा येतं हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबरात आमच्या चर्चचे एकजण पुण्याला जाऊन येणार आहेत. त्यांच्याबरोबर चार लेझमा पाठवता येतील का? भद्रकालीत मिळतात. हलक्या बघ, त्यांच्याकडे वजनाची अडचण आहे. आणि आईकडे चक्कर टाक. ती तुझ्याकडे तक्रार करणार नाही, चहा करेल. पण माळ्यावरच्या टाकीचा नळ गळतोय असं धाकट्याला फोनवर बोलून गेली, तेवढा प्लंबर बघून दे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाशिमनू