पॉम्पेईत पाण्याकडेही बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन गावावरचा लेख वाचला. चांगला आहे, पण पुन्हा तेच: इ.स. 79, व्हेसुव्हियस ज्वालामुखी, राखेत गाडली गेलेली माणसं आणि त्यांचे प्लास्टरचे साचे. तिथे जाऊन आलेल्या माझ्या सगळ्या ओळखीच्यांकडे हेच फोटो आहेत. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो. मुलाबरोबर तिथे गेलो, तर माझी नजर पदपथाच्या कडेच्या शिशाच्या पाइपांवरून हटेना. मुलगा म्हणाला, "बाबा, इथेही ड्युटीच का?"

गावाच्या सगळ्यात उंच टोकाला, व्हेसुव्हियस दरवाजाला लागून, विटांची एक बसकी इमारत आहे. सेरिनोच्या झऱ्यांचं पाणी कालव्याने इथे यायचं आणि तीन वाटांनी गावात जायचं. इथून स्टाबिया दरवाजापर्यंत तीस मीटरहून जास्त उतार आहे. म्हणजे खालच्या नळाला तीन किलोचा दाब! झाळलेल्या सांध्यांचे शिशाचे पाइप त्याला किती टिकणार? म्हणून त्यांनी चौकाचौकात सहाएक मीटरचे खांब उभारले आणि माथ्यावर शिशाची टाकी ठेवली. खांबाच्या खाचेतल्या पाइपाने पाणी वर चढायचं, टाकीत त्याचा दाब मोडायचा, मग दुसऱ्या पाइपाने खाली हौदाला आणि घरांना. आम्ही जिला बीपीटी (ब्रेक प्रेशर टँक, म्हणजे दाब मोडणारी टाकी) म्हणायचो, ती हीच. खांबांवर ओघळून बसलेले क्षारांचे थर अजून दिसतात. गळती त्यांनाही चुकली नव्हती, हे बघून जरा बरं वाटलं.

रस्त्यावरचे दगडी हौद चाळीसच्या आसपास. तोटीशेजारची कड हात टेकून टेकून खोलगट झाली आहे. पाणी प्यायला वाकलं की आपलाही हात नेमका तिथेच पडतो. हौद भरून वाहायचे ते थेट रस्त्यावर. पादचाऱ्यांसाठी मधोमध ठेवलेल्या त्या उंच शिळांचा उपयोग तेव्हा कळतो.

भूकंपांनी ही सगळी व्यवस्था खिळखिळी झाली होती. डोंगर फुटला त्या दिवशी काही ठिकाणी पाइपलाइनसाठी चर खणलेलेच होते, ते तसेच राखेखाली गेले. कंत्राटदाराला मुदतवाढ मिळाली नाही, एवढंच.

सहलवाले दोन तासांत फोरम (गावाचा मुख्य चौक), पावाची भट्टी आणि साचे दाखवून लोकांना बसमध्ये कोंबतात. त्यांना माझी विनंती आहे, की फोरमवरून गटाला वर व्हेसुव्हियस दरवाजापर्यंत न्यावं आणि तिथून सरळ उताराच्या रस्त्याने खाली आणावं. खांब आणि हौद वाटेतच लागतात. काही हौदांना आता नळ बसवले आहेत. रिकामी बाटली सोबत ठेवली तर तिथेच भरून घेता येते.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी, सातारा