तिकीट काढल्याशिवाय लॉटरी लागत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘परदेशी लॉटरी घरबसल्या खेळा’ हा मजकूर वाचला. ती जाहिरात होती की लेख, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका दुकानात गल्ल्यावर काम करते. दूध, पाव, वर्तमानपत्रं यांच्याबरोबर नॅशनल लॉटरीची तिकिटंही विकते. म्हणून हे पत्र.

इथला मुख्य खेळ म्हणजे लोटो. 1 ते 59 मधले सहा आकडे निवडायचे, एका ओळीचे 2 पौंड, सोडत बुधवारी आणि शनिवारी. गिऱ्हाईक छापील चिठ्ठीवर आकड्यांवर रेघा मारून देतं, मी ती मशीनमध्ये सरकवते आणि तिकीट बाहेर येतं. आकडे सुचत नसतील तर ‘लकी डिप’ म्हणायचं, मशीनच आकडे निवडतं. सोडतीच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला विक्री बंद होते, त्यामुळे सव्वासातनंतर दुकानात हमखास रांग लागते. कुणी 18 च्या आतला वाटला तर मी ओळखपत्र मागते. आधी ही मर्यादा 16 होती, 2021 मध्ये वाढवली. फार बरं झालं.

दोन आकडे जुळले तर एक लकी डिप फुकट, तीन जुळले तर 30 पौंड. सहाच्या सहा जुळण्याची शक्यता मात्र 4 कोटी 50 लाख 57 हजार 474 मध्ये एक! ऑक्टोबर 2015 पर्यंत 49 आकड्यांतून निवडायचं होतं, तेव्हा ती 1 कोटी 39 लाख 83 हजार 816 मध्ये एक होती. फक्त दहा आकडे वाढवले आणि जॅकपॉट तिपटीहून दूर गेला. हा हिशोब आपल्या मजकुरात कुठेच नाही. उलट ‘बरेच दिवस न आलेले आकडे लावा’ अशी युक्ती दिली आहे. अहो, दर सोडतीला 59 च्या 59 चेंडू नव्याने यंत्रात पडतात. मागच्या शनिवारी काय आलं याचा पुढच्या बुधवारशी काहीही संबंध नसतो.

आमच्याकडे येणारे एक आजोबा नेहमी नातवंडांच्या वाढदिवसांच्या तारखा लावतात. असे पुष्कळ जण आहेत, म्हणजे सगळ्यांचे आकडे 31 च्या आतच. त्याने जिंकण्याची शक्यता कमी होत नाही, पण जिंकलात तर वाटेकरी वाढतात. 14 जानेवारी 1995 च्या सोडतीत सहाही आकडे बरोबर आलेले 133 जण निघाले. जॅकपॉट 1 कोटी 60 लाख पौंडांच्या वर होता, पण प्रत्येकाच्या हाती 1,22,510 पौंडच आले.

आता घरबसल्या खेळण्याबद्दल. हे तिकीट ऑनलाइन काढायलासुद्धा माणूस त्या वेळी ब्रिटनमध्ये किंवा आइल ऑफ मॅनमध्ये हजर असावा लागतो. शिवाय लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, 2000 सालच्या नियमांनी मनाई आहे. मग वाचकांनी पैसे पाठवायचे कुणाला?

माझ्या चुलत सासऱ्यांना, आम्ही त्यांना काका म्हणतो, ‘यूके नॅशनल लॉटरीत तुमचा मोबाइल नंबर निवडला गेला’ असा मेसेज आला होता. आधी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, ती भरल्यावर ‘कर’ मागितला. माणूस शिकलेला, आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला, तरी पैसे गेलेच. मोबाइल नंबरांची किंवा ईमेलची सोडत इथे निघतच नाही. ज्याच्याकडे तिकीट, त्यालाच बक्षीस, तेही सोडतीपासून 180 दिवसांत मागितलं तर. म्हणूनच कागदी तिकिटामागे नाव-पत्ता लिहा, असं मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगते. बक्षीस हाती देण्याआधी कुणी फी मागत नाही आणि बक्षिसाच्या रकमेवर ब्रिटनमध्ये प्राप्तिकर नाही. त्यामुळे ‘कर भरा, मग रक्कम सोडतो’ असं कुणी म्हणालं, की फोन ठेवून द्यावा.

आपल्याला विनंती, की त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हे नियम छापावेत आणि जाहिरात असेल तर तिच्यावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहावं. काकांच्या वयाचे वाचक आपल्या वर्तमानपत्रात छापून आलेलं खरं मानतात.

— आपली एक वाचक, लेस्टर