शनिवारी गंजिफा, सामान विसरू नका

पालकांनो परत एकदा आठवण, शनिवारी तिसरी-चौथीची पोरं गंजिफा बनवणार आहेत, आपल्या सावंतवाडीचे ते गोल पत्ते हो. दशावतारी संचात 10 अवतारांचे प्रत्येकी 12 म्हणजे 120 पत्ते असतात आणि आपली पोरं 40, म्हणजे प्रत्येकाला 3, हिशोब बरोबर जमला! जुन्या लग्नपत्रिका, गोल आखायला एक वाटी आणि रंगाला हळद, गेरू, चुलीतला कोळसा एवढंच पाठवा, नवी रंगपेटी आणू नका प्लीज. मागच्या वेळी कुणीतरी शिंपले न धुताच पाठवलेले, वर्गात दोन दिवस वास होता. आणि हो, मत्स्य-कूर्म पोरांनाच काढू दे, आईने काढलेलं लगेच कळतं. युनिफॉर्म नको, जुना शर्ट घालून पाठवा.