हार्डवेअर नसताना मेमरीची चाचणी शिकवणाऱ्या ताईंना

विश्रामबाग, सांगली

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याहून तुम्ही पाठवलेलं टिपण आमच्याकडे आता रोज उघडलं जातं. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण लिनक्स कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) वळू पाहणारी मुलं सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत आहेत, आणि ‘तसलं हार्डवेअर आपल्याकडे कुठलं’ म्हणून त्यांतली कितीतरी मेमरीचा विषयच सोडून देतात. तुमच्या टिपणातलं थोडं तरी त्यांच्यापर्यंत पोचावं.

सर्वांत जास्त कामी आला तो पर्सिस्टंट मेमरीचा, म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या मेमरीचा, भाग. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेन ही आपली अशी मेमरी बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे खरी पट्टी विकत घेऊन शिकण्याची वाट जवळपास मिटली. तुम्ही दाखवलेली वाट साधी. १६ जीबीच्या मशीनवर ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) कर्नल ओळीत ‘मेममॅप=४जी!८जी’ घालायचं. म्हणजे ८ जीबीच्या पत्त्यापासून पुढची ४ जीबी रॅम कर्नल पर्सिस्टंट समजतो आणि रीबूटनंतर ‘पीमेम०’ हे डिव्हाइस दिसतं. त्याआधी डीमेसेजच्या (कर्नलच्या संदेशांच्या) सुरुवातीचा ई८२० तक्ता, म्हणजे रॅमचा नकाशा, वाचायचाच, हा तुमचा आग्रह अगदी रास्त. निवडलेला पट्टा पूर्णपणे ‘युजेबल’मध्ये बसला नाही, तर मशीन सुरू होतानाच अडकू शकतं. फाइल सिस्टिम बनवताना ब्लॉक ४०९६ बाइटचा आहे असं स्पष्ट सांगायचं. लहान डिव्हाइसवर ईएक्सटी४ स्वतःहून १०२४ चा ब्लॉक घेऊ शकते आणि मग डॅक्स (फाइल मधल्या प्रतीशिवाय थेट मेमरीत वापरण्याची सोय) माउंट होत नाही.

या मार्गात लाइट गेली की डेटाही गेला. टिकाऊपणा हवा असेल तर क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एनव्हीडीआयएमएम (पर्सिस्टंट मेमरीची पट्टी) घ्यायचं: मशीनच्या पर्यायात ‘एनव्हीडीआयएमएम=ऑन’, मेमरीच्या पर्यायात स्लॉट आणि मॅक्समेम (मेमरीची कमाल मर्यादा), आणि मागे डिस्कवरची फाइल ‘शेअर=ऑन’ करून. मॅक्समेममध्ये रॅम आणि एनव्हीडीआयएमएम दोन्हींची बेरीज मावली पाहिजे. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

पण ताई, टिपणातलं सर्वांत मोलाचं वाक्य वेगळंच आहे: नकली हार्डवेअर खऱ्यापेक्षा दयाळू असतं. क्यूईएमयू मध्येच मारलं तरी लिहिलेलं सगळं होस्टच्या (क्यूईएमयू चालवणाऱ्या मशीनच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या फाइलच्या प्रतीत, शाबूत राहतं. खऱ्या मशीनवर वीज गेली की प्रोसेसरच्या कॅशमधून बाहेर न ढकललेला डेटा गमावू शकतो. म्हणजे फ्लश करायला, म्हणजे कॅशमधलं मेमरीत ढकलायला, विसरलेला प्रोग्रॅम आपल्याकडे बिनबोभाट पास होतो. त्यासाठी व्हॅलग्राइंडचं पीमेमचेक (राहून गेलेले फ्लश शोधणारं साधन) चालवा, हे तुम्ही लिहिलंत म्हणूनच ‘चाचणी पास’ म्हणजे नेमकं काय, हे आता आम्ही नीट सांगू शकतो.

मेमरी टियरिंगचंही, म्हणजे वेगानुसार मेमरीचे थर (टियर) करण्याचंही, तसंच. सीपीयू नसलेला नुमा नोड (मेमरीचा वेगळा गट) क्यूईएमयूमध्ये बनवला की थंड, म्हणजे कमी वापरातली, पानं तिकडे उतरतील, अशी समजूत असते. कर्नल ६.१ पासून टियर वेगळे मोजले जातात. नुसता रिकामा नोड साध्या रॅमच्याच टियरमध्ये बसतो आणि डिमोशन (पान खालच्या टियरला उतरवणं) चालू करूनही पान हलत नाही. एनव्हीडीआयएमएमला स्वतंत्र नोड द्या, एनडीसीटीएल या साधनाने डेव्हडॅक्स (थेट वापराचं डिव्हाइस) करा, मग डॅक्ससीटीएल या साधनाने ‘सिस्टम-रॅम’मध्ये (साध्या रॅमसारखं) बदला. तेव्हा तो खालच्या टियरमध्ये जातो. वेग मात्र यातून मोजायचा नाही, कारण दोन्ही टियर शेवटी त्याच रॅमवर आहेत.

आर्म प्रोसेसरच्या मेमरी टॅगिंगसाठी (एमटीई: मेमरीच्या तुकड्यांना आणि पॉइंटरना टॅग लावून चुकीचा वापर पकडणं) क्यूईएमयूच्या ‘व्हर्ट’ मशीनवर ‘एमटीई=ऑन’ आणि ‘सीपीयू मॅक्स’ दोन्ही लागतात. एमटीई मुळात बंद असतं. सीपीयूइन्फोमध्ये ‘एमटीई’ दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुमचं २० बाइटचं उदाहरण आम्ही फळ्यावर काढून ठेवलंय: टॅग दर १६ बाइटला एक, म्हणून २० बाइट मागितले तर ३२ बाइटना एकच टॅग मिळतो. एकविसाव्या बाइटवर लिहिलं तर काहीच होत नाही, तेहतिसाव्यावर शेजारचा टॅग वेगळा असेल तर सेगफॉल्ट (प्रोग्रॅम थांबवणारी मेमरीची चूक) येतो. सिंक मोडमध्ये चुकीचा नेमका पत्ता मिळतो. असिंकमध्ये सिग्नल उशिरा येतो आणि पत्ता मिळत नाही, म्हणून शिकताना सिंकच.

खराब रॅमची नक्कल तर सर्वांत स्वस्त. रूट म्हणून ‘एमॲडव्हाइज’ या सिस्टम कॉलला हार्डवेअर-पॉइझनचा (पान खराब समजण्याचा) सल्ला द्यायचा, तोही व्हीएममध्येच (आभासी मशीनमध्ये). मेमइन्फोमध्ये ‘हार्डवेअरकरप्टेड’ ४ केबीने वाढतं आणि त्या पानाला हात लावताच सिगबस (मेमरी बिघडल्याचा सिग्नल) येतो. पान फाइलचं आणि न बदललेलं असेल, तर कर्नल ते टाकून देऊन डिस्कवरून परत वाचतो आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी ठेवायची तुमची सूचना फार उपयोगाची ठरली.

सीएक्सएलचा (प्रोसेसरला बाहेरून मेमरी जोडण्याच्या मानकाचा) भाग लिहून झाला की जरूर पाठवा. इथल्या मशीनवर चालवून, जे अडेल ते कर्नल आणि क्यूईएमयूच्या आवृत्तीसकट कळवू.

आपले कृतज्ञ,
सांगलीची कर्नल अभ्यासक मंडळी