मक्तबातल्या उस्तादांचा पगार

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या मक्तबातले हाफिजसाहेब, म्हणजे सगळा कुरआन तोंडपाठ असलेले उस्ताद, गाव सोडून गेले. सात वर्षं त्यांनी इथल्या पोरांना कुरआन शिकवलं. आता ते पनवेलजवळ एका गोदामात मालाची नोंद ठेवतात. जाताना कुणाबद्दल वावगं बोलले नाहीत. माझ्याकडे चहा घेताना एवढंच म्हणाले, "गुरुजी, थोरली आठवीला गेली. आठ हजारांत आता भागत नाही." त्याच आठवड्यात जमातीच्या, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजाच्या, बैठकीत मशिदीच्या दुसऱ्या मिनाराचा खर्च मंजूर झाला. मी त्या बैठकीला होतो आणि मीही हात वर केला होता. तेव्हा या पत्रातला दोष जितका गावाचा, तितकाच माझाही धरावा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत ३१ वर्षं मास्तरकी केलेला माणूस. आपल्या दैनिकात मदरशांविषयी अधूनमधून पत्रं येतात. त्यांत मदरसा आणि मक्तब यांची हमखास गल्लत झालेली असते, म्हणून आधी तेवढं सांगतो. मदरशात मुलगा वर्षानुवर्षं राहून शिकतो आणि आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, होऊन बाहेर पडतो. मक्तब म्हणजे शाळेआधीचा किंवा शाळेनंतरचा एखादा तास. पोरं दप्तर घरी टाकतात, टोपी नाहीतर ओढणी डोक्यावर घेतात आणि मशिदीशेजारच्या खोलीत जाऊन बसतात. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही हा फरक नोंदवलेला आहे. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत शिकणारी जेमतेम ३-४ टक्के निघाली. माझ्या वर्गातून चौथीची स्कॉलरशिप मिळवलेली पोरं संध्याकाळी मक्तबात सिपारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) उघडून बसलेली मी पाहिली आहेत. उलट त्यांचे पाढे इतरांपेक्षा पक्के असायचे. हा सिद्धान्त नव्हे, मास्तरचा अनुभव.

माझ्या लहानपणी गावात मक्तबाची वेगळी खोली नव्हती. एक वयस्क आपा होत्या, एकट्याच राहायच्या. त्यांच्या सारवलेल्या पडवीत आम्ही दहा-बारा पोरंपोरी रेहल (कुरआन ठेवायची घडवंची) पुढ्यात घेऊन बसायचो. आपांच्या हातात माडाच्या झावळीचा हीर असायचा. हीर अक्षरावर टेकला की म्हणायचं : अलिफ जबर अ, अलिफ जेर इ, अलिफ पेश उ. बरोबर आलं तर हीर पुढे सरकायचा. चुकलं तर तिथेच थांबायचा. काय चुकलं ते आपा सांगायच्या नाहीत, आपलं आपण शोधायचं. घशातला काफ आणि जिभेवरचा काफ यांच्यात मी वर्षभर अडकलो होतो. घशातून आला तर 'कल्ब' म्हणजे हृदय, जरा पुढे आला की त्याच शब्दाचा कुत्रा होतो. आपांना अरबी कळत नव्हती, पण हा फरक त्या जिवापाड जपायच्या. पुढे डी.एड.ला आमचे सर 'पाणी' आणि 'पानी'वरून कुणाची हजेरी घ्यायचे, तेव्हा मला तो थांबलेला हीर दिसायचा.

फी अशी नव्हती. कुणी तांदूळ आणायचं, कुणी अंडी. आम्ही विहिरीवरून पाणी भरून द्यायचो. कुणाचा कुरआन पुरा झाला की 'आमीन' व्हायची, त्या दिवशी आपांना नवी साडी आणि आम्हां सगळ्यांना गोडधोड. आज आमच्या गावात साठीच्या आसपासच्या ज्या कुणाला कुरआन वाचता येतो, तो त्या पडवीतूनच उठून आलेला आहे. अशा आपा आजही गावोगाव आहेत आणि त्यांच्या पगाराचा तर विषयच निघत नाही.

पैगंबरसाहेबांवर पहिली वही उतरली ती 'इक्रा' या शब्दाने, म्हणजे 'वाच'. (ईश्वरी संदेश या अर्थाचा हा अरबी 'वही' शब्द वेगळा, आपली लिहायची वही वेगळी. पण मास्तर असल्यामुळे मला हा योगायोग फार आवडतो.) तो संदेश आधी माणसांच्या मुखात राहिला आणि हाडं, कातडी, खजुरीच्या झावळ्यांचे दांडे यांवर तुकड्यातुकड्यांनी लिहिला गेला. पैगंबरसाहेबांच्या पश्चात, इ.स. ६३२-३३च्या सुमारास, यमामाची लढाई झाली. तिच्यात कुरआन मुखोद्गत असलेले पुष्कळजण मारले गेले. पैगंबरसाहेबांचे साथी हजरत उमर यांना धास्ती वाटली ती ह्याच गोष्टीची. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा खलिफा अबू बक्र यांनी जैद बिन साबित यांच्याकडे सगळा कुरआन एकत्र लिहून काढण्याचं काम सोपवलं. त्या वेळी कुठली मशीद पडलेली नव्हती. माणसं गेली होती.

आजही यात फारसा बदल नाही. छापील प्रती घरोघर आहेत, मोबाइलमध्ये आहेत, तरी रमजानात तरावीहला, म्हणजे रात्रीच्या खास नमाजाला, पुढे उभा राहणारा हाफिज लागतोच. ३० सिपारे, ११४ सूरा म्हणजे अध्याय, सहा हजारांवर आयती म्हणजे वचनं. रोज रात्री साधारण सव्वा सिपारा तो तोंडपाठ म्हणतो. मागच्या सफीत, म्हणजे रांगेत, दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो आणि एखादा शब्द निसटला की तिथल्या तिथे लुकमा देतो, म्हणजे सुटलेला शब्द पुरवतो. एवढं पाठ करायला पोराची दोन-तीन-चार वर्षं जातात आणि पाठ झालेलं टिकवायला पुढचा सगळा जन्म. रोज सिपारा-अर्धा सिपारा फिरवला नाही तर कुरआन निसटतो, दावणीतून सुटलेल्या उंटासारखा, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांतच, आहे. गोदामात दहा तास उभा राहणारा हाफिज तो केव्हा फिरवणार?

आता आमच्या पदरातलं दुसरं माप. मराठी वाचक विचारतात, "पोपटासारखं पाठ करून काय उपयोग?" हा प्रश्न कधीकधी हेटाळणीने येतो, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. मी दहाव्या वर्षी कुरआन पुरा वाचला आणि त्यातल्या एका छोट्या सूरेचा अर्थ मला चाळिशीत कळला. सूरा माऊन. सातच आयतींची आहे, पोरंसोरं नमाजात सर्रास म्हणतात. तिच्यात अनाथाला धक्के देऊन हाकलणाऱ्याचा निषेध आहे, आणि नमाज पढूनही तिच्याविषयी गाफील राहणाऱ्यांचा, दिखावा करणाऱ्यांचा, शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूसुद्धा न देणाऱ्यांचा धिक्कार आहे. तीस वर्षं मी ती दिवसातून किती वेळा म्हटली असेल! तिचा अर्थ मला कुणी मराठीत सांगितला असता, तर मिनाराच्या बैठकीत माझा हात कदाचित जरा जड झाला असता.

आमच्याकडे खुतबा म्हणजे शुक्रवारचं प्रवचन अरबीत, बयान म्हणजे उपदेश उर्दूत, पोर शाळेत मराठीत नाहीतर इंग्रजीत आणि घरात बोली कोकणी. अर्थ या चौघांच्या मधल्या फटीत पडतो. कुरआनची मराठी भाषांतरं मिळतात. आमच्या कोकणातल्याच गागोद्यात जन्मलेले विनोबा अरबी शिकले, त्यांनी कुरआन मुळातून वाचला आणि निवडक आयतींचं 'कुराण-सार' तयार केलं. मग मक्तबातल्या मुलाला रोजच्या सबकाबरोबर, म्हणजे धड्याबरोबर, एका आयतीचा अर्थ मराठीत सांगायला काय हरकत आहे? हाफिजसाहेबांनी शेवटची दोन वर्षं हे करून पाहिलं होतं. फळ्यावर उजवीकडे अरबी, डावीकडे मराठी. ते बिहारचे. मराठी इथे येऊन शिकले, माझ्याकडून चौथीचं बालभारती नेऊन. असा माणूस आम्ही हजार-दोन हजारांसाठी जाऊ दिला.

बैठकीत मी विषय काढला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "कुरआन शिकवायचे पैसे मोजायचे नसतात, त्याचा सवाब मिळतो." सवाब म्हणजे पुण्य. हे ऐकायला चांगलं वाटतं. पण 'अल्लाच्या किताबीसाठी मोबदला घेणं हे सगळ्यांत रास्त' अशा आशयाची हदीस 'बुखारी' या हदीससंग्रहात आहे. महर (निकाहात वराने वधूला द्यायची रक्कम वा वस्तू) द्यायला लोखंडाची अंगठीही नसलेल्या एका गरिबाचा निकाह, त्याला येत असलेल्या कुरआनच्या बदल्यात लावून दिल्याची हदीसही तिथेच आहे. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई पंथाचे, आमच्या फिकहला, म्हणजे धर्मशास्त्राला, या मोबदल्याचं वावडं कधीच नव्हतं. हनफी पंथाच्या फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रींनी, आधी मनाई केली होती, पण बैतुलमालातून, म्हणजे सरकारी खजिन्यातून, उस्तादांना मिळणारे तनखे बंद पडले, तेव्हा त्यांच्यातल्या नंतरच्या आलिमांनीही परवानगी दिली. शिकवणारा उपाशी राहिला तर शिकवणंच बंद पडेल, एवढं त्यांना दिसत होतं. आणि ते बुजुर्ग आमचे किराणा दुकानदार. हाफिजसाहेबांची उधारी त्यांच्याच वहीत होती. ती सवाबाने फिटल्याचं ऐकिवात नाही.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने इमामांच्या मानधनाची जबाबदारी वक्फ मंडळांवर टाकणारा निकाल दिला होता. पण आमच्यासारख्या गावात सगळं जमातच बघते आणि आम्ही मनावर घेतलं तर बघूही शकते. पैसा नाही असं नाही. आमची पोरं कुवेत, दुबई, कतारला आहेत, मशिदीचं काम निघालं की आठवड्यात रक्कम जमा होते. अडचण पावतीपुस्तकाची आहे. त्यात जकात (सक्तीचं वार्षिक दान), सदका (ऐच्छिक दान), लिल्ला (अल्लाच्या नावाने दिलेली देणगी) असे रकाने असतात. जकातीतून पगार देता येत नाही असं बहुतेक आलिम सांगतात, त्यामुळे उस्ताद लिल्लावर जगतो आणि लिल्लाची सगळी रक्कम सिमेंटात जाते. फरशी दिली, पंखे दिले तर भिंतीवर नावाची पाटी लागते. पगाराला पाटी लावायची कुठे?

मुंबईतल्या माझ्या पुतण्याने सुचवलं की मोबाइलवर शिकवणारे उस्ताद आहेत, पोरांना तेच लावून द्या. पाहिलं. वाईट नाहीत. पण आमच्याकडे नेमका मद (लांब म्हणायचा स्वर) लांबवताना सिग्नल तुटतो, आणि पोराचा मद लांबला की फोन अडकला, हे उस्तादांना समजत नाही.

सध्या असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या, नमाजनंतर मीच पोरांना घेऊन बसतो. २६ पोरं आहेत, त्यांतल्या ११ मुली. कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक) आणि नाजरा (पाहून वाचन) एवढं मला जमतं, हिफ्ज (पाठांतर) करणाऱ्या दोघांचं मात्र नुकसान होतंय. त्यांचा सबक ऐकायला हाफिजच हवा. परवा एका सहा वर्षांच्या मुलीचा काफ घशातून येईना. मी अंगणातल्या झावळीचा हीर काढून आणला आणि तो अक्षरावर टेकवून गप्प बसलो.

येत्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजनंतर जमातीची पुन्हा बैठक आहे. मिनाराचं काम सहा महिने थांबवावं आणि उस्तादांचा पगार १८ हजार करावा, असं लेखी दिलं आहे. खाली सह्या चारच आहेत. जागा भरायची आहे. राहायला मशिदीमागे दोन खोल्या आहेत, पाण्याची ददात नाही, मराठी येत असेल तर फार उत्तम. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माहितीत कुणी असल्यास कळवावं. पगाराचा आकडा जुम्यानंतर सांगू शकेन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)