आई-बाबा, ते ट्रेनिंग कंपनीचं नाहीये

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा आईने "जेवलीस का गं" विचारलं आणि माझा धीरच गेला, म्हणून लिहितेय. बाबा, आधी तुम्ही पूर्ण वाचा, मग आईला वाचून दाखवा. बीपीची गोळी राहिली असेल तर ती घेऊन बसा.

मी मुंबईला ट्रेनिंगला आलेय हे खरं, पण ते कंपनीचं नाहीये. नोकरी मी सोडली. इथे कालिनाला राज्याचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे उपस्थानक अधिकारी आणि अग्नि प्रतिबंधक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा कोर्स असतो, त्याला ॲडमिशन घेतली, दोन महिने होत आले. दादाला माहितीये, त्याला मीच शपथ घातली होती, त्याच्यावर चिडू नका. फी माझ्या साठवलेल्या पैशातून भरली, पीएफला हात लावलेला नाही. वयाची अट असते, यंदा नसतं केलं तर कायमचं राहिलं असतं. तुमच्याशी खोटं बोलले ते मात्र चुकलंच, दोन महिने रोज रात्री ते खातंय मला.

असं का केलं विचाराल तर २०१९ चा आपल्या सांगलीचा महापूर. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि आपण जिन्याच्या सातव्या पायरीवर उभे होतो, आठवतंय? बोटीतल्या त्या दादाने आईला म्हटलं होतं, "काकू, पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा आणि आधी हात द्या." तुमची औषधांची पिशवी त्याने दाताने धरली होती. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, नुसती थरथरत उभी राहिले होते. नंतर पुण्यात एसीत बसून कोड लिहिताना कितीदा तरी तो हात डोळ्यांसमोर यायचा. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते वाया घालवतेय असं प्लीज समजू नका, इंजिनिअरिंगचं सगळं इथे लागतंय, पंपाचं प्रेशर, पाण्याचा फ्लो, बिल्डिंगचे नकाशे.

तुम्हाला पहिली कुठली बातमी आठवेल तेही मला ठाऊक आहे. काळबादेवीची आग, २०१५. अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, बाबांनी तेव्हा दोन दिवस टीव्ही बंद केला नव्हता. १४ एप्रिलला जो अग्निशमन सेवा दिन पाळतात तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाचा, एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला होता, ६६ जवान त्यात गेले. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण बाबा, कोर्सच्या नावातच प्रतिबंधक आहे ना, निम्मा अभ्यास आग लागूच नये याचा आहे. २००६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्यात बिल्डिंगवाल्यांना दरवर्षी जानेवारी आणि जुलैत बी फॉर्म द्यावा लागतो की आमची आगीची यंत्रणा चालू आहे म्हणून, ती खरंच चालू आहे का, जिना मोकळा आहे का, टाकीत पाणी आहे का, हे बघणारं माणूस लागतं. मला ते काम मनापासून आवडतंय.

आणि आत जायचं झालं तरी कुणी एकटं जात नाही, जोडीनेच जायचं. पाठीवर हवेचा सिलेंडर, कोण किती वाजता आत गेलं ते बाहेर बोर्डावर लिहिलेलं, हवा संपत आली की शिट्टी वाजते, पण तोवर थांबायचंच नाही, परतीची हवा धरून आधीच निघायचं. मागच्या आठवड्यात धुराच्या खोलीत पहिल्यांदा गेले. काहीच दिसत नाही, स्वतःचा हातसुद्धा नाही. पाय घासत सरकायचं आणि पुढे हात चाचपायचा तो उलटा, तळवा आपल्याकडे. कारण समोर करंट असलेली वायर लागली तर बोटं आवळतात, सुलटा हात असेल तर वायर मुठीत धरली जाते, उलटा असेल तर हात मागे येतो. बाबा, तुम्ही मला ताप आलाय का बघायला असाच उलटा हात कपाळाला लावायचात, बोटांची पेरं गार असायची. त्या काळोखात मला तेच आठवलं आणि भीती गेली, खरंच गेली.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं. वाकोल्याला तीन मुली मिळून राहतो, दार आतून नीट लागतं. डबा घरगुती आहे, पोळ्या मऊ असतात, दूध रोज घेते, सकाळी भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. ड्रिलचे बूट पहिल्या आठवड्यात लागले, आता आत जाड मोजे घालते. पाण्याने भरलेला पाइप ओढून खांदे दुखायचे, १५ मीटरच्या एका पाइपात नुसत्या पाण्याचंच वजन ४५ किलोच्या वर जातं, पण आम्ही तो तिघं-चौघं मिळून धरतो, आणि आता दुखत नाही. पावसाळ्याचं पांघरूण तुझी ती जुनी दुलईच आहे.

एक सांगायचं राहिलं. केस कापलेत. रविवारची तेल लावायची आपली दुपार आठवून रडले मी पार्लरमध्ये. वेणी कापडात गुंडाळून ठेवलीय, दिवाळीला घेऊन येते.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं, "बघू" नाही म्हणायचं. गॅसची नारिंगी ट्यूब पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते, ती बघा. रात्री रेग्युलेटर बंद. वास आला तर लाइटचं बटण, फॅन, काही लावायचं नाही आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही, आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साठतो, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि मग १९०६ ला फोन. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतायचं नाही, गॅस बंद करून वर परात झाकायची आणि लगेच उघडून बघायची नाही. आई, स्वयंपाक करताना तो नायलॉनचा गाऊन नको. देवघरातली समई झोपायच्या आधी शांत कर, देवाला चालतं. बाबा, जिन्याखाली इन्व्हर्टरला लागून पेपरची रद्दी ठेवलीत ती याच आठवड्यात द्या. आणि बाल्कनीच्या ग्रिलची चावी तिथेच खिळ्याला लटकवा, कपाटात नको, रात्री धुरात कपाट सापडत नसतं.

इचलकरंजीच्या स्थळाचं मावशीला मीच सांगते, तुम्हाला अवघड नको. लग्नाला नाही म्हणत नाहीये, एवढं वर्ष होऊ दे.

रविवारी दुपारी मी मोकळी असते. आई बोलायची नसेल तर नको बोलू दे, फोन नुसता स्पीकरवर ठेवा. गॅसच्या ट्यूबवरची तारीख काय आहे ते सांगायला तरी फोन करा.

तुमची,
ठकू