रामगुलाम यांच्यावरच्या लेखातून गळलेली दोन वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर शिवसागर रामगुलाम यांच्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला. बिहारहून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात आलेल्या मजुराचा मुलगा, गोठ्यातल्या अपघातात लहानपणीच एक डोळा गेलेला, तरी लंडनला जाऊन डॉक्टर होतो आणि १२ मार्च १९६८ला स्वतंत्र देशाचा पहिला पंतप्रधान. हे सगळं छान उतरलंय. पण १९६५ आणि १९८२ ही दोन वर्षं साफ गळली आहेत.

'ब्रिटिशांनी चागोस बेटं (हिंदी महासागरातली, तेव्हा मॉरिशसच्या कारभारातली) बळकावली' एवढ्यावर लेखात विषय संपतो. त्या वेळी, १९६५ला, रामगुलाम लंडनमध्ये वाटाघाटींना बसले होते. ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांना त्यांच्या सचिवाने दिलेलं टिपण पुढे उघड झालं: रामगुलामांना स्वातंत्र्याची आशा दाखवा, आणि बेटं सोडली नाहीत तर ते मिळणार नाही अशी धास्तीही घाला. अखेर तीस लाख पौंडांवर ते राजी झाले. दबाव होता, कबूल. पण होकार त्यांचाच. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून तिथल्या लोकांना बोटीत घालून हलवलं, त्यांची कुत्री गॅसने मारली. यातलं काहीच लेखात नसावं?

आता १९८२. बारा वर्षांपूर्वी मी मॉरिशसमधल्या पाम्प्लेमूसच्या बागेत त्यांची समाधी पाहायला गेलो होतो. टॅक्सीवाला पन्नाशीचा, मराठी घरचा, पूर्वज रत्नागिरीकडचे. बोलणं तिकडची क्रिओल भाषा, माझ्याशी मोडकं हिंदी, पण 'सुखकर्ता' अख्खी पाठ! १९७७मध्ये माध्यमिक शिक्षण फुकट झालं म्हणून 'कॉलेज'ला (तिकडे माध्यमिक शाळेला कॉलेज म्हणतात) गेलेला घरातला तो पहिलाच. म्हणाला, "चाचा की मेहरबानी." चाचा म्हणजे रामगुलाम. मी विचारलं, मग ८२ला मत कुणाला? "उनके खिलाफ!" आणि खो खो हसला.

रागाला कारणं होती. बेकारी, दोनदा केलेलं रुपयाचं अवमूल्यन, आणि १९७२ची निवडणूक चक्क १९७६पर्यंत ढकललेली. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी नेल्या, स्वतः रामगुलामही पडले. चौदा वर्षांची सत्ता त्यांनी मुकाट सोडली. पुढच्याच वर्षी, त्यांना हरवणाऱ्या अनिरुद्ध जगन्नाथांनीच त्यांना गव्हर्नर जनरल केलं. (त्यात रामगुलामांच्या मजूर पक्षाच्या पाठिंब्याचं गणित होतंच.) डिसेंबर १९८५मध्ये ते त्याच पदावर असताना वारले. मला तरी स्वातंत्र्याच्या झेंडावंदनापेक्षा हा पराभव पचवणारा म्हातारा मोठा वाटतो.

– एक निवृत्त मास्तर, देवरुख

ता. क. : फोटोखाली मुलगा नवीन रामगुलाम यांना 'माजी पंतप्रधान' म्हटलंय. नोव्हेंबर २०२४मध्ये ते पुन्हा निवडून आले, तेही मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकून. चागोस बेटं मॉरिशसला परत देण्याच्या २२ मे २०२५च्या करारावर मॉरिशसतर्फे सही त्यांचीच आहे.